आठवी रेप आणि ज्वारीची भाकरी

[दृश्य : स्क्वॉटचा रॅक. बारवर ८० किलो.]

स्क्वॉट म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन मारलेली बैठक, आणि एक बैठक म्हणजे एक रेप. पहिल्या तीन रेप सहज जातात. पाचवीला श्वास वाढतो, आठवीला मांड्या पेटतात, नववीला बार वर येता येता मध्येच रेंगाळतो. सगळा मामला चाळीसेक सेकंदांचा. पण तेवढ्यात शरीराचं इंधन बदललेलं असतं, आणि व्यायाम करणाऱ्याने भात-भाकरी भरपूर खावी (हाय-कार्ब) की जवळजवळ सोडावी (लो-कार्ब), या वादाचा निकाल त्या बदलावरच लागतो.

स्नायूत हाताशी असलेली ऊर्जा फार थोडी. एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट ही स्नायूतली तयार ऊर्जा देणारी रसायनं मिळून जोरकस हालचालीला दहाएक सेकंद पुरतात. पुढचा भार पडतो ग्लायकोजेनवर, म्हणजे खाल्लेल्या कार्बमधून (कर्बोदकांमधून) स्नायूतच साठवलेल्या साखरेवर. चरबीत ऊर्जा भरपूर असते, पण ती जाळायला ऑक्सिजन लागतो आणि वेळही. नवव्या रेपला दोन्ही अपुरे पडतात.

स्नायूंमध्ये सगळं मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन मावतं. एखाद्या स्नायूचे मोजके सेट, म्हणजे सलग मारलेल्या रेपचे गट, मारले, तरी त्या स्नायूतला पाव ते दोन पंचमांश साठा उतरतो, असं प्रयोगांत मोजलेलं आहे. म्हणजे एका दिवसात साठा आटत नाही. आठवड्यातून चार दिवस उपसा चालू आणि भर मात्र नाही, असं झालं की तो जाणवायला लागतो.

म्हणून आधी व्यायामाची वही उघडावी, मग ताटाकडे वळावं. तीन रेपचा जड सेट आणि मध्ये चार मिनिटं विश्रांती, असा सराव असेल तर क्रिएटिन फॉस्फेट त्या चार मिनिटांत बहुतांशी भरून येतं. इथे लो-कार्ब चालून जातं. २०१२ साली इटलीतल्या जिम्नॅस्टवरचा ३० दिवसांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. कार्ब अगदी कमी, प्रथिनं भरपूर. त्यांची चरबी घटली, ताकद टिकली.

दहा-बारा रेप, दिवसाला पंधरा-वीस सेट, मध्ये जेमतेम दीड मिनिट, असा सराव असेल तर चित्र उलटतं. पहिला सेट नेहमीसारखा जातो, तिसऱ्या-चौथ्याला रेप गळायला लागतात. तालमीत शेकड्यांनी जोर-बैठका मारणाऱ्या पैलवानाच्या खुराकात दूध, बदाम आणि तुपाच्या जोडीला भाकरी-चपाती असते, ती उगाच नाही.

[दृश्य : स्वयंपाकघरातला काटा. परातीत ज्वारीचं पीठ.]

७५ किलो वजनाचा माणूस धरू. प्रथिनं दोन्ही पद्धतींत तेवढीच, किलोमागे १.६ ते २ ग्रॅम. म्हणजे १२० ते १५०. हाय-कार्बमध्ये किलोमागे ४ ग्रॅम कार्ब, एकूण ३००. आता काट्यावर पाहा : ६० ग्रॅम पीठ, एक मध्यम भाकरी, सुमारे ४० ग्रॅम कार्ब. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात २८. केळ्यात २५ च्या आसपास. व्यायामाच्या अडीच-तीन तास आधी दोन भाकऱ्या आणि एक केळं, की १०० ग्रॅमची बेगमी झाली. वेळ पाऊण तासच असेल तर भाकरी नको, तिच्या तंतूंनी पोट जड होतं आणि स्क्वॉटला खाली बसताना तेच आड येतं. तेव्हा नुसतं केळं बरं.

आता लो-कार्बचा हिशेब, आणि बहुतेकांचं गणित नेमकं इथे फसतं. कार्ब ३०० वरून ५० वर आणले की हजार कॅलरी कमी झाल्या. त्या भरून काढायला रोज ११० ग्रॅम जास्तीचं स्निग्ध हवं, म्हणजे आठेक मोठे चमचे तूप. ते कोणी खात नाही. भात सुटतो, त्याच्या जागी काहीच येत नाही. माणूस अर्धपोटी बार उचलतो आणि दोष कार्बना देतो.

शाकाहारी ताटात आणखी एक पेच आहे. आपलं वरण, मटकी, हरभरा यांत प्रथिनं आहेत, पण कार्ब त्यांच्या दुपटीहून जास्त. ६० ग्रॅम कोरड्या डाळीत प्रथिनं १३, कार्ब ३५. लो-कार्बसाठी डाळ सोडली की प्रथिनंही गेली. मग पनीर, टोफू (सोयाबीनचं पनीर) आणि व्हे पावडर (दुधातल्या प्रथिनांची भुकटी) एवढ्यावर भिस्त येते. डाळ-भाकरीवर वाढलेल्या शाकाहारी माणसाने हा मार्ग धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पहिल्या आठवड्यात काट्यावर दोन किलो कमी दिसतात. ते मुख्यतः पाणी. एक ग्रॅम ग्लायकोजेन सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साखर गेली की पाणीही जातं. इन्सुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकतात. डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात. मिठाचं ताक याला उतारा आहे, मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी तो परस्पर करू नये. मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लो-कार्ब सुरूच करू नका.

[दृश्य : रॅकशेजारी बाकावर उघडी वही.]

तुलना करायची तर प्रत्येक पद्धतीला सहा आठवडे द्या. प्रथिनं आणि कॅलरी तशाच ठेवा, नाहीतर काय मोजलं तेच कळणार नाही. वहीत पहिल्या सेटपेक्षा शेवटच्या सेटच्या रेप नीट लिहा. दहाच्या सातच होऊ लागल्या तर आदल्या रात्री एक भाकरी वाढवून पाहा. झोप किती झाली, तेही त्याच पानावर लिहिलेलं असू दे.