कोणाला काढून?

मंडळी, कसोटी मालिकेत दोन सामन्यांच्या मधे चार-सहा दिवस रिकामे असतात. खेळाडू त्या दिवसांत विश्रांती घेतात, आपण घेत नाही. आपला खरा खेळ तेव्हाच रंगतो, आणि हरलो असू तर जरा जास्तच. सलामीवाल्याचा फॉर्म गेलाय, त्याला बसवा. दुसरा स्पिनर घ्या. सिलेक्टर झोपलेत का? टपरीवर, लोकलच्या दारात, ऑफिसात डबे उघडताना आणि हल्ली रात्री दीड वाजता मोबाइलवरसुद्धा हेच. न्यू जर्सीतला भाचा आणि नाशिकचे मामा तिसऱ्या नंबरवर कोणी यावं यावरून एकमेकांशी अबोला धरतात. या वादांना नावं ठेवायला मी इथे आलेलो नाही. मीही त्यातलाच आहे.

फक्त त्या वादाची एक अट मला सांगायची आहे, आणि ती माझी नाही. आमच्या कट्ट्यावर एक गृहस्थ होते, बँकेत हेड कॅशियर. कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर ते आपली अकरा नावं लिहायचे, एकाखाली एक, आकडे मांडावेत तशी. कोणी म्हणालं, ‘अमक्याला घ्यायलाच पाहिजे’, की ते पेन पुढे करायचे. ‘घ्या ना. कोणाचं नाव खोडू?’ बहुतेक वेळा पेन टेबलावरच राहायचं. जो नाव खोडणार नाही, त्याने सगळ्यांचा चहा द्यायचा. अकराच्या जागी बारा खेळवायची परवानगी असती, तर आपल्यापैकी प्रत्येक जण उत्तम सिलेक्टर झाला असता.

आता ही अट हातात घेऊन एक मालिका बघू. १९८४-८५, डेव्हिड गॉवरचा इंग्लंडचा संघ भारतात. तो काळच विचित्र होता. इंग्लंडचा संघ येऊन पोचतो तोच इंदिरा गांधींची हत्या झाली. मुंबईच्या कसोटीच्या आदल्या दिवशी ब्रिटिश उपउच्चायुक्त पर्सी नॉरिस यांना भर मुंबईत गोळ्या घातल्या गेल्या. तरीही सामना झाला. वानखेडेवर शिवरामकृष्णनने बारा विकेट काढल्या, रवी शास्त्री आणि किरमाणी यांनी सातव्या विकेटला २३५ धावा जोडल्या, आपण आठ विकेटनी जिंकलो. कट्ट्यावर तेव्हा निवडीबद्दल चकार शब्द नव्हता. जिंकलेल्या संघात चुका असतात, त्या शोधायची कोणाला हौस नसते इतकंच.

मग दिल्ली. शेवटच्या दिवशी आपण सामना सहज वाचवू अशी परिस्थिती होती. संदीप पाटील ४१ वर खेळत होता आणि उंच फटका मारून बाद झाला. कपिल आला, त्याने इंग्लंडचा स्पिनर पोकॉक याला सिक्सर मारला आणि पुन्हा तोच फटका मारायला जाऊन झेल दिला. बघता बघता डाव २३५ वर आटोपला आणि इंग्लंडने आठ विकेटनी सामना घेतला. त्यानंतर निवड समितीने दोघांनाही काढलं. वर्ल्ड कप जिंकून जेमतेम दीड वर्ष झालेलं, आणि कपिल देव कलकत्त्याच्या कसोटीत नाही!

ईडन गार्डन्सवर काय झालं ते तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ‘नो कपिल, नो टेस्ट’. कलकत्त्याला ही घोषणा नवी नव्हती. दुसरं महायुद्ध संपताच ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेसचा संघ आला होता, तेव्हा याच शहराने मुश्ताक अलींसाठी अशीच घोषणा दिली आणि त्यांना संघात घ्यायला लावलं. या वेळी मात्र ती चालली नाही. गावस्कर कर्णधार. समितीच्या बैठकीत कर्णधाराला बोलता येतं, मत देता येत नाही. पण प्रेक्षकांना समितीचे पाच चेहरे माहीत नसतात, मैदानात एकच चेहरा दिसतो. सगळा राग त्याच्यावर. त्यात फलंदाजी इतकी संथ की फिल एडमंड्स सीमारेषेजवळ उभ्या उभ्या वर्तमानपत्र वाचत होता. चौथ्या दिवशी कुठे डाव सोडला, ७ बाद ४३७ वर. क्षेत्ररक्षणाला उतरताना गावस्करवर फळं भिरकावली गेली. दोन वर्षांनी पाकिस्तानविरुद्ध ईडनवर कसोटी होती, तिथे खेळायला तो गेलाच नाही.

त्या संथ डावात शास्त्रीने १११ केल्या. हाच माणूस दहाच दिवसांत वानखेडेवर बडोद्याविरुद्ध तिलक राजला एका षटकात सहा सिक्सर मारतो! ‘हा खेळाडू संथ आहे’ असं ठामपणे सांगणाऱ्यांना मी ही तारीख सांगतो, १० जानेवारी १९८५.

पण आपल्या विषयासाठी महत्त्वाचं दुसऱ्या टोकाला घडत होतं. मधल्या फळीत पाटीलच्या जागी हैदराबादचा एक सडपातळ मुलगा आला, अझरुद्दीन. पहिल्याच कसोटीत ११०. मग मद्रासला ४८ आणि १०५, कानपूरला १२२ आणि नाबाद ५४. पहिल्या तीन कसोटींत तीन शतकं. कपिलच्या जागी असं काही करणारा कोणी नव्हता, त्यामुळे तो मद्रासला परत आला आणि दोन डावांत ५३ आणि ४९ करून गेला. सामना आपण तरीही हरलो, कारण गॅटिंग आणि फाउलर दोघांनी द्विशतकं ठोकली, आणि मालिका इंग्लंडने २-१ अशी नेली. कपिलच्या १३१ कसोटींत मधे गाळलेली अशी ही एकच. संदीप पाटील मात्र पुन्हा कसोटी खेळलाच नाही. ज्याने अॅडलेडला १७४ केल्या, मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारले, तो एकोणतीस कसोटींवर थांबला.

पाटील मुंबईचा, त्यामुळे दादर-माटुंग्यात या गोष्टीचा राग बरीच वर्षं टिकला. गुन्हा दोघांचा सारखा, शिक्षा वेगळी, हा कसला न्याय? मला विचाराल तर ती शिक्षा समितीने दिलीच नाही. समितीने दोघांनाही एक सामना घरी बसवलं. पुढचा फरक अझरच्या मनगटाने केला. तुम्हाला काढलं हे तितकंसं महत्त्वाचं नसतं, तुमच्या जागी कोण आला आणि त्याने काय केलं, यावर तुमचं परत येणं ठरतं. हे क्रूर आहे. पण पाटीलसाठी भांडणाऱ्या आम्हा मंडळींपैकी कोणीही ‘अझरला काढा’ असं म्हणायला तयार नव्हतं.

आता गंमत बघा. २०१२ मध्ये निवड समितीचा अध्यक्ष कोण झाला? संदीप पाटील. २०१३ साली ऑस्ट्रेलियाचा संघ आपल्याकडे आला. पहिल्या दोन कसोटी आपण जिंकलो, पण सेहवागच्या धावा होत्या २, १९ आणि ६. पाटीलच्या समितीने मालिका चालू असताना, संघ जिंकत असताना, सेहवागला काढलं. मोहालीला त्याच्या जागी आला शिखर धवन, आणि त्याने पदार्पणातच १८७ ठोकल्या, पंच्याऐंशी चेंडूंत शतक. सेहवाग परत आला नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दिल्लीत जे पाटीलचं झालं, तेच आता त्याच्या सहीने दुसऱ्याचं झालं. त्या रात्री त्याच्या मनात काय आलं असेल, असं मला नेहमी वाटतं.

फॉर्म हा शब्द आपण फार सैल वापरतो. फॉर्म म्हणजे शेवटचा डाव, की शेवटची दोन वर्षं? ही भानगड सर्वात उघडी पडली ती करुण नायरच्या वेळी. २०१६च्या डिसेंबरमध्ये आपला अजिंक्य रहाणे जखमी झाला, म्हणून नायर खेळत होता. चेन्नईला त्याने इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ केल्या. सेहवागनंतर भारताकडून त्रिशतक करणारा हा दुसराच. आणि पुढच्या कसोटीत, हैदराबादला बांगलादेशविरुद्ध, तो बाहेर! रहाणे बरा होऊन परत आला होता. अख्ख्या देशाने कपाळाला हात लावला. कोहलीचं म्हणणं असं होतं, की रहाणेने दोन वर्षं जे केलंय ते एका डावाने पुसता येत नाही. रहाणेने त्या सामन्यात ८२ केल्या. मला तो निर्णय तेव्हा पटला होता आणि आजही पटतो. जखमी माणसाची जागा राखून ठेवायची नाही असं ठरलं, तर उद्या कोणी दुखापत सांगणारच नाही, लंगडत खेळेल. न पटण्यासारखं जे झालं ते पुढे. नायरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध चार डाव मिळाले, त्यांत २६, ०, २३, ५, आणि मग तब्बल आठ वर्षं काहीच नाही. २०२५च्या इंग्लंड दौऱ्यावर तो परत आला तेव्हा कट्ट्यावरचे तेच लोक म्हणत होते, ‘याला कशाला घेतलं?’ चाळीस केल्या, एकतीस केल्या, स्थिरावायचा आणि जायचा. मँचेस्टरला त्याला बसवून साई सुदर्शनला घेतलं.

त्या दौऱ्यावर आपण सगळ्यांनीच आवाज बसेपर्यंत भांडून घेतलं. बुमरा पाचपैकी तीनच कसोटी खेळणार हे आधीच जाहीर झालेलं. लीड्सला आपल्या फलंदाजांनी पाच शतकं केली, तरी इंग्लंडने ३७१चं लक्ष्य गाठलं. मग एजबॅस्टनला बुमराला विश्रांती! आठवडाभर मोकळा मिळालेला असताना! आमच्या ग्रुपवर त्या दुपारी जे लिहिलं गेलं ते या व्यासपीठावरून वाचता येणार नाही. त्याच्या जागी आलेल्या आकाश दीपने सामन्यात दहा विकेट काढल्या, आपण ३३६ धावांनी जिंकलो. पुढे ओव्हललाही बुमरा नव्हता आणि सिराजने सहा धावांनी सामना काढून दिला. मालिका २-२. आपण जे दोन सामने जिंकलो ते दोन्ही बुमराशिवाय. आता यावरून ‘बुमरा नकोच’ असं म्हणणारे महाभागही निघाले, त्यांना मी हात जोडतो. जिंकलो म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही, हरलो म्हणून चूकही ठरत नाही. नाणेफेकीच्या वेळी हातात जी माहिती होती तेवढ्यावरच तो तोलायला हवा. त्यासाठीच तर हेड कॅशियर साहेब सामन्याच्या आधी कागदावर लिहून ठेवायचे, मागाहून शहाणपण नको म्हणून.

मात्र त्या मालिकेत एका बाबतीत मी समितीच्या बाजूने नाही. कुलदीप यादव पाचही कसोटी बाहेर बसून होता. तुम्ही म्हणाल, पेन घ्या, कोणाला खोडता? खोडतो. वॉशिंग्टन सुंदरला. लगेच तुम्ही मला मँचेस्टर ऐकवणार, आणि ते योग्यच आहे. तिथे शेवटच्या दिवशी जडेजा नाबाद १०७ आणि सुंदर नाबाद १०१, दोघांनी मिळून सामना वाचवला. सुंदर नसता तर आपण कदाचित मालिकाच हरलो असतो. तरीही मी म्हणतो, की आठव्या नंबरपर्यंत फलंदाजी हवी या हट्टापायी आपण वीस विकेट काढणारा माणूस घरी ठेवतो, आणि हा हट्ट आपला धीर सुटल्याची खूण आहे. तुम्हाला पटणार नाही. नका पटवून घेऊ. पण मी नाव खोडलंय, चहा मी देणार नाही!

जाता जाता मुंबईकरांच्या जुन्या जखमेवर बोललं पाहिजे. देशभर म्हणतात, मुंबईची लॉबी आहे, मुंबईचे खेळाडू घुसवले जातात. असेल, काही काळ असेलही. पण याच मुंबईचा अमोल मुझुमदार रणजी पदार्पणात २६० करूनही एकही कसोटी खेळला नाही. कोणाला काढून घेणार होता? द्रविडला, सचिनला, गांगुलीला की लक्ष्मणला? आणि पद्माकर शिवलकर. रणजीच्या अंतिम सामन्यात चेपॉकवर तामिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ विकेट. एकूण प्रथम श्रेणीत ५८९. कसोटी शून्य. समोर बिशनसिंग बेदी उभा, डावखुरा स्पिनर एकच लागतो, काय करणार? हरयाणाचे राजिंदर गोयल त्याच रांगेत, साडेसातशे विकेट घेऊन.

इथवर आमच्या हेड कॅशियरांचा हिशोब बरोबर जुळतो. पण एकदा तो जुळला नाही. १९७४, क्लाइव्ह लॉइडचा वेस्ट इंडीज संघ, बंगळूरची पहिली कसोटी. शिस्तीच्या कारणावरून बोर्डाने बेदीलाच बाहेर ठेवलं होतं. म्हणजे नाव आधीच खोडलेलं, जागा मोकळी, आणि गोयल संघात निवडून आलेले. अकरा जण जाहीर झाले तेव्हा प्रसन्ना होते, वेंकटराघवन होते, चंद्रशेखर होते. गोयल नव्हते. पुढच्या कसोटीला दिल्लीत बेदी परतला. त्या दिल्लीच्या सामन्यात वेंकट कर्णधार होता, आणि कलकत्त्याच्या कसोटीत त्याच वेंकटला अकराबाहेर काढून बारावा, म्हणजे राखीव खेळाडू, करून टाकलं. या निवडींचं स्पष्टीकरण मी आमच्या कॅशियर साहेबांना विचारलं होतं. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला, पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, ‘आजचा चहा माझ्याकडून.’