साठ डॉलर आणि एक सही

मंडळी, ही एक डॉलरची नोट. जुन्या बाजारात रविवारी घासाघीस करून दोनशे रुपयांना घेतली. पहिल्या रांगेपासून फिरवा, फक्त कुणी खिशात टाकू नका. चित्राच्या उजव्या अंगाला १९७७ हे साल दिसेल आणि त्याच बाजूला एक सही. ती मायकेल ब्लूमेंथाल यांची, अमेरिकेच्या तेव्हाच्या अर्थमंत्र्यांची.

हे गृहस्थ मूळचे तिथले नव्हेत. १९२६ साली बर्लिनजवळच्या ओरानियेनबुर्गला ज्यू घरात जन्मले. १९३८च्या नोव्हेंबरात नाझींनी वडलांना बुखेनवाल्डच्या छावणीत डांबलं. ते सुटून आल्यावर, १९३९ साली, घरदार सोडून सगळे शांघायला गेले, कारण व्हिसा नसलेल्या माणसाला उतरू देणारी दुसरी जागा जगात जवळजवळ नव्हतीच. तिथल्या निर्वासितांना हात देणाऱ्यांत व्हिक्टर ससून होते. हो, ससूनच! आपलं पुण्याचं ससून हॉस्पिटल आणि कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ज्यांच्या पैशातून उभं राहिलं, त्या डेव्हिड ससून यांचे पणतू. डेव्हिडही बगदाद सोडूनच इकडे आलेले.

आपल्याकडे तिरंगा चढला त्याच १९४७ साली हा एकवीस वर्षांचा, कुठल्याच देशाचा नसलेला पोरगा बहिणीबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला उतरला. खिशात साठेक डॉलर. मग पडेल ते काम करत बर्कलीला शिक्षण, प्रिन्स्टनची डॉक्टरेट, केनेडींच्या काळात सरकारी नोकरी, जीनिव्हाला आयातशुल्काच्या वाटाघाटी. तिथून बेंडिक्स कंपनीत, थेट प्रमुखपदापर्यंत. आणि १९७७ला राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी अर्थखातं दिलं. साठ डॉलर घेऊन आलेल्याची सही तीस वर्षांनी डॉलरवरच!

पण मला भावली ती त्यांची १९७९ सालची 'फॉर्च्यून' नियतकालिकातली मुलाखत. कंपनीत शेवटी नफा-तोटा बोलतो, सरकारात तसा आकडाच नसतो. तिथे यशस्वी दिसणंही यशाइतकंच मोलाचं ठरतं, असा त्यांचा सूर. अर्थखात्यात १,२०,००० माणसं, त्यांतली स्वतः निवडता आली ती जेमतेम पंचवीस.

हे वाचून मी एकटाच हसत बसलो. मी एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं काढली. खुर्चीवर टॉवेल आला, तरी आवक-जावकचा एक कारकून हलवायला मला अकरा महिने लागले. निवृत्तीनंतर भोसरीच्या एका कारखान्यात सल्लागार झालो. तिथे मालकाने सकाळी सांगितलं की दुपारी माणूस जागेवर नाही. आधी हेवा वाटला. मग आठवलं, त्याच कारकुनाने एकदा माझी चुकीची टिपणी अडवून धरली होती, 'साहेब, नियमात बसत नाही' म्हणून. भोसरीत मला अडवणारं कुणी नव्हतं, आणि मी तिथे दोन चुका केल्या. त्या पुन्हा कधीतरी सांगेन.

१९७९च्या जुलैत कार्टर यांनी सगळ्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागितले, त्यात हे गेले. पुढे बरोज या कॉम्प्युटर कंपनीचे प्रमुख. १९८६ साली त्यांनी स्पेरी ही दुसरी कॉम्प्युटर कंपनी विकत घेतली, दोन्हींची मिळून युनिसिस झाली. इथल्या जुन्या कॉम्प्युटरवाल्यांना टाटा बरोजचं टाटा युनिसिस झालेलं आठवत असेल, ते यातूनच. आणि एकाहत्तराव्या वर्षी ते बर्लिनला परतले, ज्यू संग्रहालयाचे संचालक म्हणून, आणि २०१४पर्यंत तिथे राहिले.

नोट कुठवर आली? शेवटच्या रांगेत? उजेडाला धरून बघा, चष्मा लावून. सही लागते का वाचायला?