खिळे कुणाचे?

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त अंबाजोगाई इथं दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

तुमच्या या गावात संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापड, त्यावर हातानं लिहिलेलं पंचीकरण, म्हणजे पंचमहाभूतांचं विवेचन. दासोपंत 1615 साली गेले. चारशेहून जास्त वर्षं झाली. कापड विरलं असेल, शाई विटली असेल, पण ज्याला ते वळण वाचता येतं तो माणूस आजही ओळ लावू शकतो. त्यासाठी त्याला कुणाचं कुलूप उघडावं लागत नाही.

आणि मी 1994 साली माझ्या हातानं टाइप केलेला मजकूर 2013 साली मलाच वाचता आला नाही. तेच सांगायला मी आज आलोय.

तरुणपणी मी जिल्ह्याच्या एका दैनिकात लागलो तेव्हा आमच्याकडं ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं मशीन होतं. अक्षरं जुळवणारे कंपोझिटर उभ्यानं केसमधला, म्हणजे खणांच्या पेटीतला, एकेक खिळा, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर, उचलून स्टिकमध्ये लावायचे. ओळी गॅलीत म्हणजे लांब तबकात, गॅलीचं प्रूफ, मग छपाईसाठी पानांचा फर्मा बांधायचा. तालुक्याची बातमी एसटीनं यायची. बातमीदार संध्याकाळच्या गाडीच्या ड्रायव्हरकडं पाकीट द्यायचा आणि आमचा शिपाई स्टँडवर जाऊन थांबायचा. वाटेत गाडी पंक्चर झाली की उदगीरची बातमी एक दिवस उशिरा छापून यायची. खिळे महाग असत. पण फाउंड्रीतून, म्हणजे खिळे ओतायच्या कारखान्यातून, एकदा विकत आणले की ते आमचे. झिजले तर शिसं वितळवून पुन्हा ओतून घेता यायचे. शेजारच्या छापखान्याला 'ळ' कमी पडला तर आम्ही मूठभर 'ळ' उसने द्यायचो, त्यांच्याकडून आम्ही 'क्ष' आणायचो. फाउंड्रीवाला कधी येऊन म्हणाला नाही की हे खिळे तुम्ही दुसऱ्याला कसे दिले.

1990 नंतर हळूहळू संगणक आले, डीटीपी म्हणजे संगणकावर पानं लावणं आलं. कंपोझिटरांचे पाय दुखणं थांबलं, हात काळे होणं थांबलं. ते दिवस परत यावेत असं मला मुळीच वाटत नाही. पण एक गोष्ट तेव्हा आमच्या ध्यानात आली नाही. संगणकावरच्या मराठी अक्षरांना मालक होता आणि तो मालक आम्ही नव्हतो. संगणकाच्या मागच्या बाजूला, प्रिंटरच्या सॉकेटात, आगपेटीएवढं एक लॉक बसवलेलं असे. ते काढलं की पडद्यावरची मराठी गेली. लॉक बिघडलं तर नवं घ्या, संगणक बदलला तर पुन्हा पैसे भरा. शेजाऱ्याला मूठभर 'ळ' उसने देणं, जे काल माणुसकीचं होतं, ते आता चोरीत जमा झालं.

त्याच काळात, 30 सप्टेंबर 1993 ला, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. माझ्या वयाच्या कुणालाही ती पहाट सांगावी लागत नाही. विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या भागात मिळून जवळपास 10,000 माणसं गेली.

वर्षश्राद्धाला आम्ही पुरवणी काढली. गावोगावी फिरून, पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या लोकांजवळ बसून नावं लिहून आणली होती. किल्लारी, सास्तूर, राजेगाव. मी चार रात्री बसून ती वही टाइप केली. नाव, वय, नातं. एकेका घरातली सहा-सहा, सात-सात नावं एकाखाली एक. ज्या लेकरांचं बारसंच झालं नव्हतं त्यांच्यापुढं नुसतं 'मुलगी, 9 दिवस' असं लिहिलेलं होतं. पुरवणी निघाली. मजकुराच्या फाइली मी फ्लॉपीत जपून ठेवल्या आणि पुढं फ्लॉपीवरून सीडीवर घेतल्या.

2013 मध्ये वीस वर्षं होत होती म्हणून ती सीडी काढली. सीडी चालली, फाइल उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा यांचा ढीग दिसला. दहा वर्षांपूर्वी ऑफिसचे संगणक बदलले तेव्हा तो फाँट गेला होता, आणि लॉक कुणी कुठं टाकलं ते कुणालाच सांगता येईना. माणसं दुसऱ्यांदा गाडली गेल्यासारखं मला त्या दिवशी वाटलं.

माझी भाची तेव्हा नांदेडला अभियांत्रिकी शिकत होती. तिनं फाइल बघितली आणि म्हणाली, "मामा, ही अक्षरं नाहीतच. ही चित्रं आहेत. संगणकाला वाटतंय, तुम्ही इंग्रजीच लिहिलंय."

तिनं समजावलं ते असं. त्या जुन्या फाँटांत, समजा, इंग्रजी 'एच'च्या जागेवर 'क'चं चित्र बसवलेलं असायचं. दुसऱ्या कंपनीनं 'क' दुसऱ्याच जागी बसवलेला. एका छापखान्याची फाइल दुसऱ्या छापखान्यात नेली की कचरा. देवनागरीला सगळ्या जगानं मान्य केलेले स्वतःचे क्रमांक मिळाले ते युनिकोडमध्ये, 1991 साली. त्यात 'क' म्हणजे 2325, मग तो नांदेडच्या संगणकावर असो की नागासाकीच्या. पण आमची पानं लावायचं सॉफ्टवेअर युनिकोड मानतच नव्हतं. म्हणून क्रमांक मिळाल्यानंतरही पुढची कितीतरी वर्षं मराठवाड्यातला मजकूर चित्रांमध्येच साठत गेला.

आता 'मुक्त' या शब्दाकडं येतो, कारण आज 17 सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन आहे.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे प्रोग्रामर आहेत. ते एमआयटीच्या प्रयोगशाळेत होते तेव्हा तिथला लेझर प्रिंटर सारखा अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्यांनी दुरुस्ती करून ठेवली होती, कागद अडकला की सगळ्यांना निरोप जायचा. नव्याचा प्रोग्राम मात्र त्यांना दाखवायलाच नकार मिळाला. छापखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच कळते. तुमच्याच दारातलं मशीन, पण त्याचं झाकण उघडायचं नाही. सप्टेंबर 1983 मध्ये त्यांनी जाहीर केलं की चालवता येईल, उघडून बघता येईल, बदलता येईल आणि दुसऱ्याला देता येईल अशी अख्खी प्रणाली मी लिहिणार. त्याला त्यांनी 'फ्री सॉफ्टवेअर', म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर, हे नाव दिलं आणि त्यातल्या 'फ्री' शब्दानं इंग्रजी लोकांचा आजपर्यंत गोंधळ होतो, कारण त्यांच्याकडं मोकळं आणि मोफत या दोन्हींना एकच शब्द. आपल्याकडं तो गोंधळ नाही. फुकट वेगळं, मुक्त वेगळं. निजामाच्या राज्यातून बाहेर पडलेल्या माणसांना तर हा फरक कुणी शिकवायची गरज नाही.

आ. कृ. वाघमारे यांनी 1937 मध्ये हैदराबादेत 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केलं. निजाम सरकारनं बंदी घातली की ते नाव बदलून निघायचं. पुढं अनंतराव भालेरावांनी हेच पत्र औरंगाबादेत नावारूपाला आणलं. मी या इतिहासाकडं छापखान्याच्या बाजूनं बघतो. नाव काढून घेता आलं, अंक जप्त करता आले. पण खिळे कुणाचेही असोत, ते कुठल्याही नावाचं मथळापान जुळवू शकत होते. बंदी आली म्हणून खिळ्यांनी उमटायचं नाकारलं असं कधी झालं नाही.

माझे संपादक मित्र मला म्हणतात, तुमच्या या मुक्त सॉफ्टवेअरनंच आमचा पेपर बुडवला. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि ते मी टाळणार नाही. 1993 च्याच 30 एप्रिलला, किल्लारीच्या बरोबर पाच महिने आधी, जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेनं वेबचं तंत्र जगाला खुलं केलं. कुणीही वापरा, पैसे नकोत, परवानगी नको. लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली 1991 मध्ये आलीच होती, वेबसाइट चालवणारं अपाची 1995 ला आलं. छापखाना टाकायला जे भांडवल लागायचं ते एका झटक्यात जवळजवळ शून्यावर आलं. सॅनफ्रान्सिस्कोत क्रेग न्यूमार्क यांनी 1995 मध्ये एक साधी ईमेल यादी सुरू केली, तिची पुढं वेबसाइट झाली आणि अमेरिकन वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिराती तिनं ओढून नेल्या. ती साइटसुद्धा अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर चालायची.

आपल्याकडं हे वेगळ्या रीतीनं झालं. जिल्ह्याचा पेपर कशावर जगायचा? वाचक देतो त्या पैशात कागदाचाही खर्च निघत नाही. तो जगायचा जाहीर प्रगटनांवर, टेंडर नोटिशींवर, शोकसंदेशावर, 'भाड्याने देणे आहे'वर आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांवर. आणि लोक तो उघडायचे मोंढ्याच्या भावासाठी. तूर काय गेली, सोयाबीन काय गेलं, हे बघितल्याशिवाय शेतकरी गाडी भरत नव्हता. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, काही महिने डेटा फुकट मिळाला, आणि वर्षा-दोन वर्षांत मोंढ्याचे भाव सौदा होता होता व्हॉट्सअॅपवर यायला लागले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला भाव कोण वाचणार? शोकसंदेश गेला, वाढदिवस स्टेटसवर गेला. 2020 च्या टाळेबंदीत पेपर घरी यायचा थांबला आणि पीडीएफ होऊन फिरायला लागला. ज्यांची सवय तेव्हा तुटली ते बरेच जण परत आले नाहीत.

पण नीट बघा. व्हॉट्सअॅपचे सर्व्हर उभे राहिले ते फ्रीबीएसडी ही संगणक प्रणाली आणि अरलँग ही प्रोग्रामची भाषा, या खुल्या गोष्टींवर. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. मुक्त वस्तू घेऊन त्याभोवती कुंपण घातलं आणि आपल्याला फाटकातून फुकट आत सोडलं. आमच्याकडच्या एका तालुक्याच्या बातमीदारानं सात वर्षं चालवलेला बातम्यांचा ग्रुप एका सकाळी बंद झाला. का, ते त्याला कुणी सांगितलं नाही. सात वर्षांच्या बातम्या त्याच्याकडं कुठंच नाहीत. वाघमाऱ्यांना निदान बंदीचा हुकूम तरी मिळायचा.

म्हणून मी म्हणतो, पेपर बुडाला तो सॉफ्टवेअर मुक्त होतं म्हणून नव्हे. ते मुक्त आहे हे आपण सोडून बाकी सगळ्यांच्या ध्यानात आलं म्हणून. वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट उभी करायचं सॉफ्टवेअर, 2003 पासून आहे, तेव्हापासूनच खुलं. लोहित, मुक्तासारखे देवनागरी फाँट खुले आहेत, वाटता येतात, पुन्हा उसने 'ळ' देता येतात. जाहिराती यानं परत येतील असं खोटं आश्वासन मी देणार नाही. पण एक उदाहरण देतो. जमीन घेताना वकील तीस वर्षांचा शोध घेतात. त्या काळात जमिनीच्या कुठल्या गटाबद्दल कुणी जाहीर प्रगटन दिलं, कुणी हरकत घेतली, हे जिल्ह्याच्या पेपरांइतकं दुसरीकडं सलग सापडत नाही. तो खजिना आमच्या फायलींत पडलेला आहे आणि शोधता येत नाही, कारण तो चित्रांत आहे. शोधता आला तर त्यासाठी लोक आनंदानं पैसे देतील.

आता ती नावं.

भाचीनं दिवाळीची सगळी सुटी घातली. पायथन या खुल्या भाषेत तिनं प्रोग्राम लिहिला. माझ्याकडच्या पुरवणीचा छापील अंक एका बाजूला, फाइल दुसऱ्या बाजूला, आणि मी तिला सांगायचो, ही खूण म्हणजे अर्धा 'ल', ही म्हणजे 'श्र'. दीड-दोनशे खुणांचा तक्ता झाला. तरी पहिलाच शब्द चुकला, आणि तो शब्द होता 'किल्लारी'. जुन्या फाँटात आपण दिसतं तसं टाइप करायचो, आधी पहिली वेलांटी आणि मग 'क'. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो, आधी 'क', मग वेलांटी. रफाराचं त्याहून अवघड. 'सूर्यवंशी'मध्ये आम्ही 'य' काढून त्यावर रफार ठेवायचो, युनिकोडमध्ये 'र' पायमोडका होऊन 'य'च्या आधी यावा लागतो. आमच्या भागात सूर्यवंशी किती! प्रत्येक सूर्यवंशी तपासला.

छापील अंकाच्या एका पानाला वाळवी लागली होती. त्या पानावरची नावं आता फक्त फाइलीत आहेत. यादी आम्ही वेबवर खुली ठेवली, तक्ता आणि प्रोग्रामही ठेवला. गेल्या वर्षी पुण्याहून एक मुलगा आला. भूकंपानंतर जन्मलेला. आजीचं नाव त्याला माहीत होतं, वय माहीत नव्हतं. त्या नावाच्या तीन बायका निघाल्या. गावावरून एक उरली. 'वय 46, सासू' असं होतं. तो बराच वेळ पडद्याकडं बघत राहिला आणि मग म्हणाला, "माझी आई आता सेहेचाळीसची आहे."

सभागृहात छापखानेवाले बरेच दिसतायत. तुमच्या माळ्यावर, कपाटात फ्लॉप्या असतील, सीड्या असतील, ते आगपेटीएवढं लॉक असेल. टाकू नका. फ्लॉपी वाचायचं मशीन आम्ही बरोबर आणलंय. भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी उद्या सकाळी दहापासून इथंच, खालच्या वाचनकक्षात बसणार आहेत. फाँटाचं नाव आठवत नसलं तरी चालेल, त्या वेळचा एखादा छापील अंक मात्र नक्की आणा. खुणा त्यावरूनच जुळवायच्या आहेत.