उष्णता अडली कुठे?

[पडद्यावर: तापमानाचा आलेख, जवळून]

ही लाल रेघ म्हणजे प्रोसेसरचं तापमान. रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्याचं काम, सुरू केलं आणि काही सेकंदांत ती 100 अंशांना जाऊन टेकली. आता तिच्या खालची निळी रेघ बघा, तो प्रोसेसरचा वेग. लाल रेघ वर टेकली त्याच क्षणी निळी कोसळली. 5 गिगाहर्ट्झच्या आसपास धावणारा प्रोसेसर 2 च्याही खाली आला. स्वतःला वाचवण्यासाठी तो हात आखडता घेतोय. तेवढ्यानं भागलं नाही तर संगणक थेट बंद पडतो आणि सेव्ह न केलेलं काम जातं.

हा संगणक व्हिडिओ एडिटिंगचा आहे. आत इंटेलचा कोअर आय9-12900के. पूर्ण जोरात चालताना हा प्रोसेसर 241 वॉटपर्यंत वीज ओढतो आणि त्या विजेची शेवटी उष्णताच होते. 241 वॉट, तेही बोटाच्या नखाहून थोड्या मोठ्या सिलिकॉनच्या तुकड्यात. ती बाहेर काढण्यासाठी लिक्विड कूलर बसवलाय, तीन फॅनचा, 360 मिलिमीटर रेडिएटरवाला. म्हणजे ताकदीत कमी नाही.

असं झालं की सल्ला ठरलेला असतो. कूलर बदला. त्यानं जमलं नाही तर प्रोसेसर बदला. आम्ही काहीही बदलण्याआधी उष्णतेचा माग काढायचं ठरवलं. प्रोसेसरपासून खोलीतल्या हवेपर्यंत तिची एक वाट असते, आणि त्या वाटेवर कुठेतरी ती अडलेली असते.

आधी एक खुलासा. मोठा आकडा दिसला की बिघाडच, असं नसतं. एएमडीचा रायझन 9 7950एक्स मुळातच 95 अंशांपर्यंत जाईल असा बनवलेला आहे. भरपूर काम मिळालं की तो तिथं पोचतो आणि तिथंच टिकून काम करतो. इंटेलच्या या प्रोसेसरची मर्यादा 100 अंश आहे. त्यामुळे नुसता आकडा बघून घाबरू नका. तापमान किती झपाट्यानं चढलं, चढल्यावर वेग पडला का, आणि काहीच काम नसताना ते कुठे असतं, हे एकत्र बघा. या संगणकावर एकही प्रोग्राम उघडलेला नाही, आणि तापमान साठीच्या पुढे आहे. धड चालणाऱ्या लिक्विड कूलरवर ते साधारण तीस-चाळीसच्या घरात असायला हवं.

[पडद्यावर: कॅबिनेटची काच निघते]

काच निघाली. प्रोसेसरवर बसलेला हा गोल ठोकळा, त्याला ब्लॉक म्हणतात. याच्या पोटात पंप आहे आणि तळाला तांब्याची प्लेट. प्लेट आणि प्रोसेसर यांच्यामध्ये उष्णता पुढे नेणाऱ्या पेस्टचा पातळ थर असतो. प्लेट प्रोसेसरची उष्णता घेते, प्लेटवरून वाहणारं पाणी ती उचलतं. एका नळीतून गरम पाणी वर रेडिएटरकडे जातं, दुसऱ्या नळीतून थंड होऊन परत येतं. रेडिएटरच्या बारीक जाळीतून फॅन हवा ढकलतात आणि उष्णता बाहेर पडते. एवढीच वाट. पेस्ट, प्लेट, पाणी, पंप, रेडिएटर, हवा. यातलं कोणीही काम सोडलं तरी पडद्यावर दिसतं ते एकच, 100 अंश.

पाण्याने संगणक थंड ठेवणं ही काही अलीकडची हौस नाही. आयबीएमचा 3081 हा मोठा संगणक 1980 मध्ये जाहीर झाला, तो पाण्यावर थंड व्हायचा. त्याच्यासोबत थंड पाणी पुरवणारं वेगळं युनिटच असायचं, कपाटाएवढं. 1985 चा क्रे-2 तर त्याच्याही पुढे गेला. त्याचे सर्किट बोर्ड फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात सरळ बुडवलेले होते. वीज वाहून न नेणारा द्रव, म्हणून हे शक्य झालं. शेजारी पारदर्शक टाक्या उभ्या असत आणि त्यांत तो द्रव खळाळताना दिसे. 2004 मध्ये अॅपलच्या पॉवर मॅक जी5 मध्ये लिक्विड कूलिंग आलं, टेबलाखाली मावणाऱ्या संगणकात. या जुन्या यंत्रांबद्दल आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिथला द्रव हा देखभालीचा भाग होता. त्याच्याकडे बघायला माणूस होता. आजचा कूलर कारखान्यातून सीलबंद येतो. पाणी किती उरलंय, स्वच्छ आहे की गढूळ, हे बाहेरून कळायला काही मार्गच ठेवलेला नाही.

तर आता तपास. सुरुवात सर्वांत सोप्या जागेपासून.

[पडद्यावर: रेडिएटरच्या जाळीवर टॉर्चचा उजेड]

धूळ आहे, पण हवा अडेल इतकी नाही. तिन्ही फॅन फिरताहेत आणि हवा एकाच दिशेनं जातेय. फॅनपुढे तळहात धरला तर येणारी हवा खोलीइतकीच थंड. चांगलं वाटतं ना? पण हीच पहिली खूण आहे. आत 100 अंशांचा प्रोसेसर असताना रेडिएटरमधून गरम हवा यायला हवी. ती येत नाही, याचा अर्थ उष्णता इथपर्यंत पोचतच नाही. ती अलीकडेच कुठेतरी थांबली आहे.

उलटंही घडतं. तापमान हळूहळू, दहा-पंधरा मिनिटं घेऊन चढत गेलं, रेडिएटर हाताला चांगलाच गरम लागला, तर समजावं की पाणी उष्णता आणून देतंय आणि हवा ती नेत नाहीये. तिथे धूळ झाडा, फॅन बघा, कॅबिनेटमध्ये हवा शिरायला जागा आहे का बघा. काही कूलर पाण्याचं तापमानही दाखवतात. ते असेल तर तपास निम्मा झाला. पाणी गरम असेल तर दोष रेडिएटरच्या बाजूला. पाणी थंड आणि प्रोसेसर तापलेला, तर दोष ब्लॉकच्या बाजूला. या कूलरला ती सोय नाही, म्हणून हाताची परीक्षा.

पंपाची वायर मदरबोर्डवर, म्हणजे संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डवर, योग्य जागी लागली आहे. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, पंप पूर्ण वेगावर ठेवलाय. तो तसाच असावा. फॅनसारखा त्याचा वेग तापमानाबरोबर कमी-जास्त करत बसू नये. आकडा दिसतोय 2700 आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 2700 फेऱ्यांच्या, आसपास. बहुतेक जण इथे थांबतात, पंप चालू आहे म्हणतात आणि पेस्ट आणायला धावतात. पण आरपीएम सांगतो की पंपाचं चक्र फिरतंय. पाणी पुढे सरकतंय का, हे तो सांगत नाही. वाट बुजलेली असेल तर चक्र जागच्या जागी फिरत राहतं आणि आकडा मात्र झकास दिसतो.

[पडद्यावर: दोन बोटं, दोन नळ्या]

म्हणून ही परीक्षा. रेंडर चालू असताना दोन्ही नळ्यांना हात लावून बघा. मिनिटाला 1 लिटर पाणी फिरत असेल, तर 241 वॉट उष्णता त्या पाण्याचं तापमान जेमतेम साडेतीन अंशांनी वाढवते. म्हणजे प्रवाह ठीक असेल तर दोन्ही नळ्या हाताला जवळपास सारख्याच लागणार, दोन्ही कोमट. इथे एक नळी ब्लॉकजवळ चटका बसेल इतकी गरम आहे. दुसरी थंडगार. पाणी जवळजवळ थांबलंय.

तरीही पेस्ट बघितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. चारही स्क्रू थोडे थोडे, तिरक्या जोडीनं सैल करायचे. ब्लॉक सरळ वर ओढायचा नाही. हलकेच फिरवून सोडवायचा.

पेस्टचा ठसा बघा. मधोमध पातळ, सगळीकडे सारखा पसरलेला. म्हणजे प्लेट नीट टेकलेली होती. ठसा एका बाजूला जाड असता तर स्क्रू वाकडे आवळले गेलेत असं कळलं असतं. प्रोसेसर ज्यात बसतो त्या जागेला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या या एलजीए 1700 सॉकेटभोवतीची, कूलरच्या स्क्रूंची भोकं एकमेकांपासून 78 मिलिमीटरवर आहेत, आधीच्या सॉकेटची 75 वर होती. उंचीही थोडी बदलली. जुना कूलर जुन्याच पट्टीवर रेटून बसवला तर प्लेट धड टेकत नाही, आणि मग भल्याभल्या कूलरवर तापमान क्षणात नव्वदी गाठतं. नव्या कूलरच्या प्लेटवर पारदर्शक प्लास्टिक असतं, तेही कित्येकदा काढायचं राहून जातं. इथे यातलं काहीच नाही. पेस्ट वाळू लागली होती, ती आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावणारच आहोत. पण दोष तिचा नाही.

आता हवेचा प्रश्न. रबरी नळ्यांमधून पाणी वर्षानुवर्षं, अगदी सूक्ष्म प्रमाणात, बाहेर झिरपतं. गळती दिसत नाही, थेंब पडत नाही, तरी पातळी उतरते आणि तेवढी हवा आत जमते. हवा सर्वांत उंच जागा धरते. रेडिएटर वर असेल तर ती त्याच्या टोकाला जाऊन बसते आणि फारसं बिघडत नाही. पण ब्लॉकच सगळ्यांत उंच असेल तर हवा पंपात शिरते. गुळगुळ आवाज येतो, पंप कोरडा फिरतो, झिजतो. या संगणकात रेडिएटर छताला आहे, आवाजही नाही. हवा नव्हे, मग वाट बुजलीय.

[पडद्यावर: ब्लॉक उलटा, टॉर्क्सचे स्क्रू]

इथून पुढे वॉरंटी संपते. हा कूलर मुदतीबाहेरच होता. वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नका, सरळ कंपनीकडे द्या. आणि उघडायचा झाला तर संगणकापासून लांब, ट्रेमध्ये.

प्लेट सुटली.

[पडद्यावर: प्लेट, अगदी जवळून, काही क्षण निवेदन नाही]

तांब्यात कोरलेले हे उभे पडदे दिसताहेत? दोन पडद्यांमधली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. फटी जितक्या बारीक, तितका पाण्याचा तांब्याला स्पर्श जास्त, तितकी उष्णता लवकर उचलली जाते. कूलरची सगळी करामत इथे आहे, आणि नेमकी हीच जागा सर्वांत आधी बुजते. करड्या-हिरवट गाळाचा थर सायीसारखा वर धरलाय. कडेच्या काही फटी मोकळ्या आहेत, मधल्या, म्हणजे थेट प्रोसेसरच्या डोक्यावरच्या, पूर्ण बंद.

हा गाळ बाहेरून आलेला नाही. प्लेट तांब्याची, रेडिएटर ॲल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम गंजू लागतं. ते रोखण्यासाठी कूलंटमध्ये, म्हणजे आत फिरणाऱ्या या पाण्यात, गंजरोधक घातलेलं असतं. काळ जातो, उष्णता लागते, तसं त्याचं बळ कमी होतं. मग धातूंचे कण, कारखान्यात राहिलेले डाखाचे अवशेष, असं सगळं पाण्याबरोबर फिरतं आणि सर्वांत अरुंद जागी, या फटींत, येऊन अडकतं. संपूर्ण रेडिएटर तांब्याचा करता येतो, महाग पडतो एवढंच.

आणि म्हणूनच आम्हाला सीलबंद रचना पटत नाही. यातला पंप शाबूत आहे. रेडिएटर शाबूत आहे. तिन्ही फॅन, नळ्या, दिवे, सगळं शाबूत. दोन-तीन चमचे गाळासाठी हे सगळं कचऱ्यात जाणार होतं. भरणीचं झाकण असलेले कूलर बनवता येतात, बनतातही. आल्फाकूलचा आइसबेअर उघडून पुन्हा भरता येतो. एक झाकण आणि उघडता येणारे स्क्रू, एवढंच मागणं आहे.

मऊ ब्रश, डिस्टिल्ड वॉटर, आणि फटींच्या दिशेनेच घासायचं. आडवं घासलं तर पडदे वाकतात. तार किंवा सुई घालायचा मोह आवरा. जुना द्रव काढल्यावर तो गाळलेल्या चहासारखा दिसेल अशी अपेक्षा होती, निघाला दुधट. रेडिएटर डिस्टिल्ड वॉटरनं हलवून हलवून धुतला, पाणी स्वच्छ येईपर्यंत. रबरी सील तपासलं, चीर नाही.

भरताना नळाचं पाणी अजिबात नको, त्यातले क्षार पुन्हा तिथंच बसतील. नुसतं डिस्टिल्ड वॉटरही पुरत नाही, कारण तांबं आणि ॲल्युमिनियम दोन्ही आहेत. दोन्ही धातूंना चालेल असा, गंजरोधक असलेला तयार कूलंट घ्यायचा. रेडिएटर इकडे-तिकडे कलवत, बुडबुडे वर आणत भरायचा. घाई केली तर हवा आत राहते आणि आधीच्या दुखण्याच्या जागी नवं दुखणं येतं.

[पडद्यावर: वेगळ्या पॉवर सप्लायवर कूलर, सांध्यांखाली टिश्यू]

संगणकात बसवण्याआधी कूलर बाहेरच, वेगळ्या पॉवर सप्लायवर, रात्रभर चालवला. प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर. सकाळी सगळे कोरडे. ब्लॉकवर स्टिकर लावला, त्यावर कूलंटचं नाव आणि भरल्याची तारीख.

नवी पेस्ट, चार स्क्रू तिरक्या जोडीनं, पंप पूर्ण वेगावर. काम नसताना 34 अंश. तेच रेंडर पुन्हा लावलं. अर्ध्या तासानं तापमान 82 वर स्थिरावलं, वेग पडला नाही आणि आता फॅनपुढे धरलेल्या तळहाताला हवा गरम लागते. अडकून पडलेली फाइल त्याच दुपारी तयार झाली.