पोत्यात मीठ निघालं

(कडा, सकाळचं ऊन. कॅमेरा सावकाश वर जातो.)

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागलं, की पंधराएक किलोमीटरवर हा डोंगर समोर येतो. देवगिरी. खालून कडा असा तासलाय, की घोरपडीलासुद्धा नख रोवायला जागा नाही. भोवती खंदक. तो ओलांडून वर निघालं की ही अंधारी, किल्ल्यातला काळोखा बोगदा.

(टॉर्च बंद. चार सेकंद अंधार, वटवाघळांचा आवाज.)

इथं पायऱ्या एका उंचीच्या नाहीत. पाय हमखास चुकतो. उजेड दिसला म्हणून धावत सुटलेला शत्रू थेट खंदकात पडायचा, असं वाटाडे सांगतात. वरच्या तोंडाशी शेगडी पेटवून धूर आत कोंडायची सोय. व्हिडिओ गेमची लेव्हल यापेक्षा वेगळी काय असते? आपली पोरं रोज रात्री मोबाईलवर परदेशी किल्ले जिंकतात. हा मात्र शाळेच्या सहलीत, डबा खाता खाता उरकलेला असतो.

(सिडकोतली खोली. भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या.)

या पाच जणांना गेम करायचाय, देवगिरीवर. दोघं कोडिंग करतात, एक चित्रं काढते, एक गोष्ट लिहिते. पाचवा आवाजाचं काम बघतो. स्वतःचा आवाज मात्र क्वचितच काढतो.

पहिल्या बैठकीचं चित्रण आमच्याकडं नाही, वही आहे.

(वहीचं पान, जवळून.)

नऊ कल्पना. सातांत तलवार. अक्षर पाच जणांपैकी एकाचंच, कारण बोलत तोच होता. आपल्याकडच्या बहुतेक बैठका अशाच होतात, ग्रामसभा धरून.

डोकी एकत्र लावायच्या या पद्धतीला ब्रेनस्टॉर्मिंग हे नाव रुळवलं अलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकी जाहिरातवाल्यानं. 1953 च्या पुस्तकात त्याचे नियम आहेत: कुणाच्या कल्पनेला नावं ठेवायची नाहीत, ढीग लावायचा, अचाट सुचलं तरी बोलायचं, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची. ऐकायला झकास. पण 1958 साली येल विद्यापीठात हे तपासलं, तेव्हा उलटंच निघालं. एकेकटं बसून विचार केलेल्या माणसांच्या कल्पना एकत्र केल्या, तर त्या तेवढ्याच माणसांच्या गटापेक्षा जास्त भरल्या. पुढं जर्मनीत बेर्न्ड रोरबाखनं तोंडच बंद ठेवायची रीत काढली. सहा माणसं, प्रत्येकी तीन कल्पना, पाच मिनिटं. मग कागद शेजाऱ्याकडं, असे सहा फेरे. अर्ध्या तासात 108.

इथं माणसं पाच, म्हणजे पंचवीस मिनिटांत पंच्याहत्तर.

(पंख्याचा आवाज. कागद हातोहात फिरतो. कपातल्या चहावर साय.)

हा कागद नीट बघा. पहिल्या ओळीत, आवाजवाल्याच्या बारीक अक्षरात: ‘वर कोठारात काय होतं?’ शेजारणीनं खाली लिहिलं, ‘धान्य.’ तिसऱ्यानं, ‘मोजलं कोणी?’ चौथ्या ओळीत एकच शब्द आहे: ‘मीठ.’

(कागदावर कॅमेरा स्थिर.)

1296 मध्ये अल्लाउद्दीन खलजी अचानक देवगिरीवर आला, तेव्हा रामदेवराव यादवाचं मुख्य सैन्य बाहेर होतं. घाईघाईनं पोती वर चढवली, दार लावून घेतलं. वेढ्यात पोती उघडली आणि धान्याऐवजी मीठ निघालं, अशी हकिकत आहे. कड्यानं जे राखलं असतं, ते पोत्यांनी घालवलं.

कागद वाचून झाल्यावर आवाजवाला पहिल्यांदा बोलला. ‘मग वर खायलेत काय ते?’

तिथंच तलवार सुटली. खेळणारा आता सरदार नाही, किल्ल्याचा कोठावळा आहे.

(फरशीवर काडेपेट्यांची रांग.)

कॉम्प्युटर अजून बंदच. वीस काडेपेट्या, काहींत ज्वारीचे दाणे, काहींत मीठ. एक पेटी म्हणजे एक पोतं. दार बंद व्हायच्या आत किती वर न्यायची, हा डाव. पहिली खेळाडू घरमालकीण मावशी. बसल्या, आणि एकेक करत सगळ्या पेट्या उघडून मोकळ्या झाल्या. दोन मिनिटांत खेळ खलास.

‘मावशी, अशा नाही उघडायच्या.’

‘का बरं? पोतं दारात आलं की आधी हात घालून बघतेत. मोंढ्यात काय डोळे झाकून घेतेत का?’

यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. मग नियम आला: पेटी उघडली की एक फेरी जाते आणि तेवढा शत्रू जवळ येतो. तपासायचं की पळवायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. गेम खरा इथं जन्मला असं आम्हाला वाटतं, आणि त्यात मावशींचा वाटा कोडिंगवाल्यांपेक्षा कमी नाही.

(लॅपटॉप, अर्धवट रंगवलेली अंधारी.)

गोडो या गेम बनवायच्या, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर दोन टप्पे उभे राहिलेत. दोघं नोकरीसाठी पुण्याला गेले. कागद आता रविवारी फोनवर फिरतो.

(पुन्हा फरशी. मावशींचा हात.)

नव्या नियमानं मावशींचा तिसरा डाव. सहा पेट्या न उघडता वर गेल्यात. सातवीवर हात थांबलाय.

(पेटी कानाशी नेऊन हलवतात. ऐकतात.)