साखर पेठेतला कागद

[दृश्य: पहाटेचा बोळ. आधी आवाज, मग माग.]

आवाज मोठाच ठेवा. सोलापूरच्या साखर पेठेत वाढलेल्या माणसाला मागाच्या खटखटीने जाग येत नाही. माग बंद पडला की येते.

पांढऱ्या शर्टात मागे उभे आहेत ते अण्णा. गेली तीसेक वर्षं ते जर्मनीत राहतात, फ्रँकफर्टजवळ. धंदा सल्ल्याचा. तिकडच्या दुकानदारांना इकडचा माल समजावून सांगायचा आणि इकडच्या कारखानदारांना तिकडचे नियम. पासपोर्ट जर्मन आहे. इथे टॉवेल विणणाऱ्या आपल्या काकांशी बोलताना मात्र तेलुगू, माग सांभाळणाऱ्या जॉबरशी मराठी आणि चहावाल्याशी जे तोंडाला येईल ते.

परदेशी गेलेला घरातला पहिला माणूस आपण नव्हे, असं ते आल्या आल्या सांगतात. पहिले त्यांचे आजोबा. ते नलगोंड्याकडून सोलापूरला आले, म्हणजे निजामाच्या राज्यातून इंग्रजांच्या मुलखात. तीही सरहद्दच होती. १८७७ मध्ये इथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे तेलंगणातून पद्मशाली विणकरांची घरंच्या घरं पूर्व भागात येऊन वसली. आजोबांकडे पासपोर्ट नव्हता, विणता येत होतं. अण्णांना विणता येत नाही. काका ते प्रत्येकाला आवर्जून सांगतात.

[दृश्य: टेरीचा, म्हणजे टॉवेलचा, माग, अगदी जवळून. फणी, धोटा, धागे.]

इथे जरा थांबू. हे चित्रण आमच्या कॅमेरामनने जमिनीवर आडवं पडून केलंय, नाकातोंडात कापसाची पिंज गेली त्याच्या.

टॉवेलच्या मागावर उभ्या धाग्यांचे दोन बीम असतात. एक खालच्या कापडाचा, त्याचा ताण पक्का. दुसरा लूपचा, तो ढिला सोडलेला. धोटा जातो, आडवा धागा पडतो, पण तो ठोकणारी फणी पूर्ण पुढे येत नाही. बोटभर अलीकडेच थांबते. दुसऱ्या धाग्यालाही तसंच. तिसरा पडला की मात्र ती तिन्ही धाग्यांना एकदम ठोकून जागेवर नेते. पक्क्या ताणाचे धागे हलत नाहीत. ढिले धागे आडव्या धाग्यांबरोबर पुढे ओढले जातात आणि त्यांना जायला जागा नसल्यामुळे वर उभे राहतात. बघा, आत्ता. हा लूप. पाणी शोषतो तो हा.

लूप किती उंच हवा ते ढिलाई ठरवते, आणि लूप उंच झाला की टॉवेल जड होतो. एका चौरस मीटरला किती ग्रॅम, हा जगभरातल्या खरेदीदाराचा पहिला प्रश्न. काका टॉवेल तळहातावर घेतात, दोनदा झेलतात आणि म्हणतात, साडेचारशे. अण्णा खिशातून छोटा इलेक्ट्रॉनिक काटा काढतात, गोल कापलेला तुकडा त्यावर ठेवतात. ४४६.

‘‘मग? काय चुकलं ओ माझं?’’ काका विचारतात.

चुकलं काहीच नाही. पण तळहात फ्रँकफर्टला पाठवता येत नाही, काट्यावरचा आकडा पाठवता येतो. अण्णा तीस वर्षं हेच सांगत आलेत.

[दृश्य: रंगखाना. लाल पाणी, ओले हात, पांढरा रुमाल.]

त्यांची सुरुवात रंगापासून झाली. काही अ‍ॅझो रंगांतून अशी द्रव्यं सुटतात की त्यांनी कर्करोग होऊ शकतो. टॉवेल तर रोज अंगाला लागणारी वस्तू. १९९४ मध्ये जर्मनीने त्या रंगांवर बंदी आणली, १९९७ मध्ये भारतानेही अशा रंगांची यादी काढून ते बंद केले. मधल्या काळात इथे कुणाला काय कळेना. रंग तर पिढीजात, रंगारी तोच, मग माल परत का आला? जर्मन येणारा आणि सोलापूरचा रंगखाना माहीत असलेला माणूस तेव्हा लागला, आणि तिकडे शिकायला गेलेला हा मुलगा सापडला. सुरुवातीची फी म्हणजे दोन डझन चादरी.

रुमालाचा प्रयोग साधा आहे. ओल्या पांढऱ्या कापडाने लाल टॉवेल दहा वेळा घासायचा. जॉबर घासतोय. सातव्या वेळेला त्याचा चेहरा बघा. ‘‘उतरलं की ओ!’’ यावरून रंग कच्चा आहे एवढंच कळतं. बंदीतला अ‍ॅझो आहे की नाही हे प्रयोगशाळाच सांगणार, आणि तिची पावती लागणार.

[दृश्य: कारखान्याच्या वरच्या खोलीत आठ-दहा मागवाले, मध्ये भडंग आणि चहा.]

या बैठकीत अण्णांनी १९७६ च्या जर्मन कायद्याची गोष्ट काढली. दोन हजारांवर कामगार असलेल्या कंपनीच्या देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या. खोलीत हशा पिकला. एकाने विचारलं, ‘‘अण्णा, माझ्याकडं बारा माग. मालक मीच, जॉबर मीच, गाठोडी उचलायला पण मीच. निम्म्या जागा कुणाला देऊ ओ?’’ अण्णाही हसले.

मग हशा ओसरला. २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझाची इमारत कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं त्यात गेली. युरोपातल्या दुकानांत टांगलेले कपडे तिथे शिवले जात होते. त्यानंतर तिकडे सवाल उठला की माल आपला, तर माणसं कुणाची. जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. आता तिथली मोठी कंपनी सोलापूरच्या कारखानदाराला विचारते: पाळी किती तासांची, बाहेर पडायला दारं किती, ती कुठल्या बाजूला उघडतात?

[दृश्य: भिंतीवरचं लाल अग्निशामक नळकांडं. त्यावर बोटभर पिंज.]

१८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ जण गेले.

[दृश्य: भैय्या चौक, डॉ. कोटणीसांचं स्मारक. मग नारळी पौर्णिमेची गर्दी, मार्कंडेय महाराजांचा रथ.]

१९३८ मध्ये डॉक्टर म्हणून चीनला गेलेले द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. चिनी पाहुणे आजही इथे येऊन फुलं वाहतात. अण्णा लहानपणी याच रस्त्याने शाळेत जात.

आणि हा रथ, पद्मशालींच्या मार्कंडेयांचा. त्या दिवशी पूर्व भागात माग बंद, म्हणून आमच्या ध्वनिमुद्रणात पहिल्यांदाच पक्षी ऐकू येतात. अण्णांना हा रथ तरी मिळतो, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा कधीच मिळत नाही, कारण फ्रँकफर्टचं घरगुती कापडाचं मोठं प्रदर्शन भरतं जानेवारीतच, संक्रांतीच्या आसपास. यात्रेतले नंदीध्वज ते फोनवर बघतात, स्टॉलच्या मागे उभे राहून. २०२५ मध्ये रथाच्या त्याच महिन्यात, २७ ऑगस्टला, अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. काकांच्या ओळखीतल्या दोघांनी रात्रपाळी बंद केली.

[दृश्य: चादरीचा गठ्ठा सुटतो. मोर, कमळ, काठ. लेबल जवळून.]

सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे हे नाव या मातीबाहेर विणलेल्या मालाला लावता येत नाही. कायद्याने. बाजारात मात्र बाहेर विणलेली ‘सोलापुरी’ राजरोस विकली जाते. यावर अण्णा फार चिडतात. आमचा सगळ्यात लांब शॉट त्यांच्या या चिडण्याचाच होता, अर्धा कापावा लागला. मानांकन गावाला मिळालं, पण ते वापरायचं तर प्रत्येक विणणाऱ्याने आपलं नाव नोंदवायला हवं. बैठकीत त्यांनी विचारलं, कुणी नोंदवलंय? दोन हात वर झाले. पैकी एक चहाचा कप धरलेला होता.

[दृश्य: काकांची ओसरी. स्टुलावर कागद, पेन, चष्मा.]

काकांनी आजवर सगळा धंदा शब्दावर केला. बुडाले दोनदाच, आणि दोन्ही वेळा नात्यात. अण्णांनी अर्धं पान लिहून आणलंय, मराठीत. लांबी, रुंदी, वजन, रंगाची पावती, माल द्यायची तारीख. जर्मन खरेदीदारासाठी त्याचं भाषांतर नंतर होईल.

काका तारखेवर अडले. ‘‘नळाला पाणी चार-चार दिवसांनी येतंय. रंगखाना कशावर चालवू? हे लिही की यात.’’

अण्णा म्हणाले, असं कुणी करारात घालत नाही.

‘‘मग तुझं तू विण.’’

बराच वेळ कुणी बोलत नाही. हा भाग आम्ही कापलेला नाही. मग अण्णा पेन घेतात आणि खाली आणखी एक ओळ घालतात: पाणी न आल्यास चार दिवस अधिक.

काका ती बोट फिरवत वाचतात, पुन्हा एकदा वाचतात. सही करतात, तेलुगूत. शाई ओली असतानाच त्यावर कापसाची पिंज येऊन चिकटते. ते ती फुंकतात. निघत नाही.