पानांची राखण (माहितीपटाचे निवेदन)

पणजीच्या पाटो परिसरातील ही इमारत कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची आहे. पोर्तुगीज राजवटीत, १८३२ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात एखाद्या वाचकाने पुस्तकाचे पान फाडून नेले, तर ते कोणी नेले हे बहुधा कळत नाही आणि ते पान परतही येत नाही. वाचनकक्षात लॅपटॉप उघडून बसलेल्या या निवृत्त शिक्षिका ज्या पानांवर लक्ष ठेवून आहेत, त्यांचे प्रत्येक जुने रूप मात्र जपलेले असते. ही पाने मराठी विकिपीडिया या इंटरनेटवरील मुक्त ज्ञानकोशाची आहेत; तो १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेथे कोणालाही लिहिता येते, म्हणून कोणालाही बिघडवताही येते, आणि या बिघडवण्याला तेथील संपादक ‘उत्पात’ म्हणतात.

पडद्यावर सरकणारी ही यादी ‘अलीकडील बदलां’ची आहे. तिच्या प्रत्येक ओळीत बदलाची वेळ, लेखाचे शीर्षक, संपादकाचे नाव, त्याने लिहिला असल्यास बदलांचा आढावा आणि एक आकडा असतो. लेख किती बाइटांनी (बाइट हे संगणकीय साठवणीचे माप) वाढला किंवा घटला, हे तो आकडा सांगतो. वाढ हिरवी, घट तांबडी, आणि बदल मोठा असेल तर आकडा ठळक होतो. देवनागरीतील प्रत्येक वर्ण आणि प्रत्येक मात्रा संगणकाच्या साठवणीत तीन बाइट घेते, त्यामुळे मराठीतील एखादा परिच्छेद निघाला की तांबडा आकडा भलताच मोठा दिसतो. नवखा राखणदार तो पाहताच परिच्छेद परत आणायला धावतो. बाई आधी ‘फरक’, म्हणजे जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी-शेजारी दाखवणारे पान, उघडतात, कारण तो परिच्छेद दुसऱ्याच्या पुस्तकातून जसाच्या तसा उतरवलेला होता म्हणून एखाद्या जाणत्या संपादकाने विचारपूर्वक काढलेला असू शकतो.

शिवीगाळ, अर्थहीन अक्षरांची रांग, कोरे केलेले पान, हा उत्पात ओळखायला विशेष काही लागत नाही. त्यातील काही भाग संपादन गाळण्या, म्हणजे बदल आपोआप तपासणारे नियम, जतन होण्यापूर्वीच अडवतात. इंग्रजी विकिपीडियावर २०१० पासून क्लूबॉट एनजी नावाचा सांगकाम्या, म्हणजे आपोआप काम करणारा संगणकीय प्रोग्राम, असे बदल क्षणार्धात उलटवत आला आहे, परंतु त्याचे शिक्षण इंग्रजी मजकुरावर झालेले आहे.

आता या चौकटीकडे नीट पाहावे. एखादा खरा लेख चित्रणासाठी बिघडवणे हाच उत्पात ठरला असता, म्हणून गोव्याच्या जनमत कौलाविषयीचा मजकूर बाईंनी आपल्या धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, उतरवला आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून वेगळे राहावे, यासाठी हे मतदान १६ जानेवारी १९६७ रोजी झाले आणि वेगळे राहण्याच्या बाजूने ३४,०२१ मते अधिक पडली. बाईंनी वर्षातील शेवटच्या दोन अंकांची अदलाबदल केली आहे. डावीकडे पिवळ्या कडेच्या चौकटीत १९६७ आहे, उजवीकडे निळ्या कडेच्या चौकटीत १९७६. यादीतील आकडा पाहावा: तो शून्य आहे. लेख एका बाइटानेही वाढलेला नाही किंवा घटलेला नाही, कोणती शिवी नाही, व्याकरण बिनचूक आहे, आणि करड्या रंगातील ते शून्य यादीत कोणाच्याही नजरेस येत नाही.

हा बदल पकडायला वाचणाऱ्याला गोवा ठाऊक असावा लागतो. ज्यांच्या घरात ‘दोन पाने’ आणि ‘फूल’ या त्या वेळच्या निशाण्यांवरून वाद झाले, त्यांना १९७६ हे वर्ष वाचताक्षणीच खटकते. पुण्यात किंवा नागपुरात बसलेल्या तितक्याच प्रामाणिक संपादकाला ते खटकेलच असे नाही. गोव्याविषयीच्या मराठी पानांची राखण गोमंतकीय वाचकांनीच हाती घ्यायला हवी, असे आम्हाला वाटते, ते याच कारणासाठी. मधल्या काळात चुकीचे वर्ष एखाद्या शाळकरी प्रकल्पात किंवा बातमीत उतरून बसते, हेही खरे आहे.

खटकले म्हणून लगेच उलटवायचे नसते. बाई लेखाखालील संदर्भ पाहतात, ‘इतिहास पहा’ या कळीने मागील आवृत्त्या चाळतात आणि मग त्या संपादकाच्या ‘योगदाना’वर जातात. त्याने इतर लेखांतही अशीच वर्षे आणि लोकसंख्येचे आकडे सरकवले असतील, तर हेतूविषयी फारशी शंका उरत नाही. एकच बदल असेल, तर तो टंकलेखनाचा दोष समजून दुरुस्त करायचा असतो.

गोव्यात ही सावधगिरी विशेष लागते. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि मराठीच्या शासकीय वापरासाठीही तरतूद ठेवली. या विषयावरील लेखात कोणी आपल्या पक्षाला अनुकूल वाक्य घातले, तर ते एकांगी असेल, चुकीचेही असेल, पण तो उत्पात नव्हे. तो वाद लेखाच्या चर्चापानावर संदर्भ देऊन सोडवायचा असतो. प्रतिपक्षाला उत्पाती ठरवून आपली आवृत्ती लादणे हे आपल्या बाजूचे लोकही करतात, आणि ते तितकेच गैर आहे. २०१५ पासून स्वतंत्रपणे चालणाऱ्या कोकणी विकिपीडियावर तर देवनागरी, रोमी आणि कन्नड अशा तिन्ही लिप्यांतील लेख आहेत, त्यामुळे तेथे अनोळखी लिपी दिसणे हे बिघाडाचे लक्षण मानता येत नाही.

उत्पाताची खात्री पटल्यावरचे काम या पुढील चित्रणात सलग दिसते. ‘उलटवा’ ही कळ एक बदल मागे घेते. ‘द्रुतमाघार’ हा अधिकार ज्यांना दिलेला असतो, त्यांना शेवटच्या संपादकाचे सलग सर्व बदल एकाच कळीने मागे घेता येतात. यात एक खाच आहे. दोन वेगवेगळ्या खात्यांवरून लागोपाठ उत्पात झाला असेल, तर केवळ शेवटचा बदल उलटवल्याने आधीचा बिघाड जागेवरच राहतो आणि वरून त्याला तपासणीचा शिक्का मिळाल्यासारखा होतो. म्हणून बाई इतिहासात मागे मागे जात शेवटची निर्दोष आवृत्ती शोधतात, ती उघडून जतन करतात आणि आढाव्यात एक कोरडे वाक्य लिहितात. संताप, उपरोध, उद्गारचिन्हे यांना तेथे जागा नसते, कारण उत्पात करणाऱ्याला बहुतेक वेळा प्रेक्षकच हवा असतो.

त्यानंतर त्या सदस्याच्या चर्चापानावर सूचना जाते. पहिली सूचना सौम्य असते आणि सरावासाठी धूळपाटीचा पत्ता देते; पुढच्या सूचना क्रमाने कडक होतात. एखाद्याचा दूरध्वनी क्रमांक किंवा घरचा पत्ता लेखात घातला गेला असेल, तर तो केवळ उलटवून भागत नाही, कारण इतिहासात तो वाचता येतो. अशा वेळी चावडीवर, म्हणजे सर्वांच्या चर्चेच्या पानावर, गाजावाजा न करता प्रचालकांना, म्हणजे विशेष अधिकार असलेल्या सदस्यांना, खासगीरीत्या कळवायचे असते, म्हणजे ते ती आवृत्ती सर्वसामान्य वाचकांपासून लपवू शकतात.

सूचना देऊनही उत्पात थांबला नाही, तर प्रचालक ते खाते काही काळासाठी प्रतिबंधित करतात. अनेक खात्यांवरून एकाच लेखावर मारा होत असेल, तर खात्यांऐवजी तो लेख सुरक्षित केला जातो, आणि त्या मुदतीत नव्या सदस्यांना आपली दुरुस्ती चर्चापानावर सुचवावी लागते.